उपग्रह आंतरजाल, सुवाह्य

जमिनीवरील तारा, प्रकाशीय तंतू किंवा मनोरे यांचे साहाय्य न घेता कृत्रिम उपग्रहामार्फत आंतरजालाशी म्हणजेच इंटरनेटशी जोडून देणारा आणि एका व्यक्तीला सहज वाहून नेता येणारा संच म्हणजे सुवाह्य उपग्रह आंतरजाल-संच होय. आकाशक, त्याला जोडलेला प्रेषक-ग्राही आणि विद्युत् घटमाला ही त्याची तीन प्रमुख अंगे होत. डोंगराळ वस्त्या, वनखात्याच्या चौक्या, गिर्यारोहकांचे तळ, पदयात्रा व रानातील मुक्काम, तसेच भूकंप वा पूर यांनी नेहमीची संदेशवहन व्यवस्था कोलमडलेला प्रदेश ही त्याची मुख्य उपयोगक्षेत्रे आहेत. या संचाचा इतिहास तीन अंगांनी पाहता येतो. पहिले अंग म्हणजे भूकेंद्राच्या आकारात झालेली घट, दुसरे म्हणजे केवळ ऐकणाऱ्या ग्राहकाचे बोलणाऱ्या ग्राहकात झालेले रूपांतर आणि तिसरे म्हणजे असे उपकरण कोणी बाळगावे याविषयी शासनसंस्थेने वेळोवेळी घेतलेली भूमिका. प्रस्तुत नोंदीत ही तिन्ही अंगे मुख्यतः खानदेशाच्या संदर्भात विचारात घेतली आहेत. सपाटी व डोंगर यांच्यातील संदेशवहनाची विषमता या प्रदेशात विशेष स्पष्टपणे दिसून येते.

खानदेशाची पार्श्वभूमी : नरडाणा हे धुळे जिल्ह्याच्या शिंदखेडा तालुक्यातील गाव मुंबई–आग्रा महामार्गावर आणि सुरत–भुसावळ रेल्वेमार्गावर वसलेले आहे. येथे औद्योगिक वसाहत आहे. रस्ता व लोहमार्ग यांच्या संगमामुळे संदेशवहनाची जी साधने भारतात आली, ती या पट्ट्यात तुलनेने लवकर पोहोचली. मुंबई व आग्रा यांना इंदूरमार्गे जोडणारी तार १८५४ मध्ये सुरू झाली. विसाव्या शतकाच्या प्रारंभी तापी खोरे रेल्वे धावू लागल्यावर गाड्यांच्या नियंत्रणासाठी स्थानकास्थानकांतून तारायंत्रे आली. दूरध्वनीच्या तारा, सूक्ष्मतरंग मनोरे आणि अखेरीस प्रकाशीय तंतू यांनीही सामान्यतः हेच मार्ग धरले. जेथे माल व अंमलदार जात तेथे संदेश जात असे, असे या इतिहासाचे थोडक्यात वर्णन करता येईल.

नरडाण्याच्या उत्तरेस तापी ओलांडल्यावर मात्र चित्र बदलत जाते. तापीकाठच्या सुपीक मैदानानंतर सातपुड्याच्या रांगा लागतात आणि त्यांच्या पलीकडे नर्मदेचे खोरे येते. या डोंगराळ भागाचा पश्चिमेकडील मोठा हिस्सा, म्हणजे अक्राणी (धडगाव) व अक्कलकुवा हे तालुके आणि तळोदा व शहादा या तालुक्यांचे उत्तर भाग, पूर्वी धुळे जिल्ह्यात होता. १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार जिल्हा वेगळा झाल्यापासून तो त्या जिल्ह्यात आहे. येथे भिल्ल, पावरा इ. आदिवासी समाजांची वस्ती असून घरे पाड्यापाड्यांतून विखुरलेली आहेत. भ्रमणध्वनीचे तरंग बहुतांशी सरळ रेषेत जात असल्याने दोन धारांमधील दरी मनोऱ्याच्या छायेत राहते. एका मनोऱ्याच्या टप्प्यात मैदानात अनेक गावे येतात. तेवढ्याच खर्चाच्या मनोऱ्याला डोंगरात एखाददुसरी दरीच काय ती दिसते. त्यामुळे केवळ नफातोट्याच्या हिशेबाने पाहिल्यास असा प्रदेश नेहमी यादीच्या शेवटी राहतो.

आर्वीचे भूकेंद्र : पृथ्वीपासून सु. ३५,७८६ किमी. उंचीवर विषुववृत्ताच्या पातळीत फिरणारा उपग्रह जमिनीवरून स्थिर भासेल व अशा तीन उपग्रहांच्या साहाय्याने जगभर संदेश पाठविता येतील, ही कल्पना आर्थर सी. क्लार्क यांनी १९४५ मध्ये मांडली. १९६५ मध्ये ‘अर्ली बर्ड’ या उपग्रहाने भूस्थिर कक्षेतून व्यापारी संदेशवहनास प्रारंभ केला. भारतात या व्यवस्थेत सामील होणारे पहिले व्यापारी भूकेंद्र १९७१ मध्ये पुणे जिल्ह्यातील जुन्नर तालुक्यात आर्वी येथे सुरू झाले. पुढे त्यास विक्रम साराभाई यांचे नाव देण्यात आले. या केंद्राच्या तबकडीचा व्यास सु. ३० मी. होता. त्या काळच्या उपग्रहांची प्रेषणशक्ती अत्यल्प असल्याने दुर्बल संदेश गोळा करण्यासाठी एवढा मोठा आकाशक आवश्यक असे. अशा केंद्राचा उपयोग आंतरराष्ट्रीय दूरध्वनी, तार व दूरचित्रवाणी यांसाठी होई. सातपुड्यातील पाड्याशी त्याचा काही संबंध येण्याचे कारण नव्हते.

ऐकणारी गावे : १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या काळात भारताने अमेरिकेच्या एटीएस–६ या उपग्रहाच्या साहाय्याने उपग्रहीय शैक्षणिक दूरचित्रवाणी प्रयोग (साइट) केला. सहा राज्यांतील सु. २,४०० गावांत सामुदायिक दूरचित्रवाणी संच बसविण्यात आले. उपग्रहाची प्रेषणशक्ती मोठी असल्याने गावातील आकाशक ३ मी. व्यासाचा पुरला आणि तो कोंबड्यांच्या खुराड्यांना लावतात तशा तारेच्या जाळीचा बनविता आला. राजस्थान, बिहार, ओरिसा, मध्य प्रदेश, आंध्र प्रदेश व कर्नाटक या राज्यांची निवड झाली होती. महाराष्ट्राचा त्यांत समावेश नव्हता. तथापि या प्रयोगाने एक तत्त्व सिद्ध केले. ज्या गावाला रस्ता नाही त्यालाही आकाशातून थेट गाठता येते आणि त्यासाठी लागणारे उपकरण खेड्यात उभारता व सांभाळता येते.

प्रयोगाची मर्यादाही तितकीच महत्त्वाची होती. गावाला फक्त ऐकता व पाहता येत होते. शेतीविषयक कार्यक्रमातील सल्ला आपल्या जमिनीला लागू पडत नाही, हे शेतकऱ्याला त्याच मार्गाने उलट कळविण्याची सोय नव्हती. १९८३ मध्ये ‘इन्सॅट–१बी’ हा उपग्रह कार्यान्वित झाल्यावर देशभर दूरचित्रवाणी, हवामान-निरीक्षण व दूरध्वनी यांचा विस्तार झाला. त्याच दशकाच्या उत्तरार्धात राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राने लहान भूकेंद्रांच्या जाळ्याने जिल्ह्यांची मुख्य ठाणी राजधानीशी जोडण्यास आरंभ केला. हे दळणवळण दुहेरी होते. मात्र बोलणारा जिल्हा-कार्यालयातील अधिकारी होता. गावाचा नागरिक अद्याप या साखळीबाहेरच होता.

सुवाह्य संचांचा उदय : वाहून नेता येणाऱ्या दुहेरी उपग्रह-संचांची प्रेरणा समुद्रावरून आली. जहाजांच्या सुरक्षिततेसाठी १९७९ मध्ये ‘इन्मारसॅट’ ही आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली व १९८२ पासून तिची सेवा चालू झाली. जहाजावरील संचाचे पुढे पेटीएवढे रूप झाले आणि ते वार्ताहर, मदतपथके व गिर्यारोहक यांच्या उपयोगी पडू लागले. १९९८ मध्ये ‘इरिडियम’ या योजनेने ६६ उपग्रह सु. ७८० किमी. उंचीवर फिरते ठेवून हातात मावणारा दूरध्वनी बाजारात आणला. उपकरण व संभाषण दोन्ही महाग असल्याने पुरेसे ग्राहक मिळाले नाहीत आणि १९९९ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. पुढे नव्या मालकीखाली ही सेवा चालू राहिली. तंत्र यशस्वी होऊनही ज्यांना त्याची गरज आहे त्यांना ते परवडत नाही, ही अडचण या प्रसंगी प्रथमच ठळकपणे पुढे आली.

२००५ मध्ये ‘इन्मारसॅट’च्या चौथ्या पिढीच्या उपग्रहांवर आधारलेली ‘बीगॅन’ सेवा सुरू झाली. वहीएवढा संच उघडून उपग्रहाच्या दिशेने धरला असता त्यातून सेकंदाला सु. ४९२ किलोबिटपर्यंत माहिती ये-जा करू शके. खऱ्या अर्थाने सुवाह्य म्हणता येईल अशा उपग्रह आंतरजालाचा प्रारंभ या सेवेपासून मानावयास हरकत नाही. २६ जानेवारी २००१ रोजीच्या कच्छच्या भूकंपात स्थानिक दूरध्वनी व्यवस्था निकामी झाल्यावर उपग्रह दूरध्वनींचा उपयोग करावा लागला होता. आपत्तिव्यवस्थापनात अशा संचांचे स्थान तेव्हापासून भारतातही मान्य झाले.

कायदा व सुरक्षितता : संदेशवहनाची साधने बाळगण्याचा व चालविण्याचा अधिकार भारतात प्रारंभापासून शासनाच्या हाती राहिला आहे. १८८५ च्या भारतीय तार अधिनियमाने तारयंत्रणा उभारण्याचा अनन्य अधिकार केंद्रीय शासनाकडे ठेवला. १९३३ च्या बिनतारी तारायंत्र अधिनियमाने परवान्याशिवाय बिनतारी उपकरण नुसते जवळ बाळगणेही दंडनीय ठरविले. २६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईवर हल्ला करणाऱ्या दहशतवाद्यांनी समुद्रमार्गे येताना उपग्रह दूरध्वनी वापरल्याचे निष्पन्न झाले आणि त्यानंतर अशा उपकरणांवरील निर्बंध अधिक कडक करण्यात आले. परदेशी पर्यटक व गिर्यारोहक स्वतःच्या देशात मुक्तपणे वापरीत असलेला उपग्रह दूरध्वनी अनुमतीशिवाय भारतात आणल्यास त्यांच्यावर कारवाई होते. भारत संचार निगमने २०१७ मध्ये ‘इन्मारसॅट’च्या आधारे अनुज्ञप्त उपग्रह दूरध्वनी सेवा सुरू केली. तिचा भर मुख्यतः शासकीय यंत्रणा, सुरक्षा दले व आपत्ती-निवारण यांवर होता. जुन्या अधिनियमांची जागा घेण्यासाठी दूरसंचार अधिनियम, २०२३ संमत झाला व जून २०२४ पासून त्यातील कलमे टप्प्याटप्प्याने अमलात येऊ लागली.

या निर्बंधांमागील कारण समजण्यासारखे आहे. जमिनीवरील दूरध्वनी केंद्रावर शासनाचे नियंत्रण ठेवता येते, परंतु उपग्रह-संच सीमेपलीकडील भूकेंद्रामार्फतही बोलू शकतो. डिसेंबर २०२४ मध्ये मणिपूरमध्ये शस्त्रसाठ्याबरोबर उपग्रह आंतरजालाचे साहित्य सापडल्याने हा प्रश्न पुन्हा चर्चेत आला. मे २०२५ मध्ये केंद्रीय दूरसंचार विभागाने जाहीर केलेल्या सुरक्षा-अटींनुसार सेवा देणाऱ्या कंपनीला प्रत्येक संचाचे ठिकाण मागणीनुसार तत्काळ कळविता आले पाहिजे आणि भू-सीमेपासून ५० किमी.पर्यंतच्या पट्ट्यात विशेष देखरेख ठेवता आली पाहिजे. म्हणजे रानात तंबू ठोकणारा प्रवासी इतरांना दिसेनासा झाला, तरी त्याच्याजवळचा संच यंत्रणेला दिसत राहील.

निम्नकक्षीय उपग्रहसमूह : भूस्थिर उपग्रहाकडे जाऊन परत जमिनीवर येण्यास संदेशाला सु. ०·२४ सेकंद लागतो. प्रश्न व उत्तर मिळून सु. अर्धा सेकंद जातो. पत्रव्यवहाराला हा विलंब जाणवत नाही, पण संभाषणात व रुग्णाच्या दूरस्थ तपासणीत तो जाणवतो. उपग्रह ५५० किमी. उंचीवर आणल्यास प्रत्यक्ष प्रवासाचा काळ सेकंदाच्या शंभराव्या भागाहूनही कमी होतो. मात्र असा उपग्रह सु. ९५ मिनिटांत पृथ्वीप्रदक्षिणा करीत असल्याने निरीक्षकाच्या आकाशातून काही मिनिटांतच निघून जातो. अखंड सेवेसाठी म्हणूनच हजारो उपग्रह लागतात. आकाशकालाही दर थोड्या वेळाने एका उपग्रहावरून दुसऱ्याकडे वळावे लागते. हे वळणे यांत्रिक नसते. तबकडीतील अनेक सूक्ष्म आकाशकांना दिलेल्या संकेतांच्या कलांत विद्युत् रीतीने फरक करून झोताची दिशा बदलली जाते.

स्पेसएक्स या अमेरिकन कंपनीने मे २०१९ मध्ये ‘स्टारलिंक’ मालिकेतील ६० उपग्रहांचा पहिला मोठा गट सोडला. २०२२ पासून प्रवासात व मुक्कामावर वापरण्याची सेवा काही देशांत उपलब्ध झाली. २०२४ मध्ये आलेल्या तिच्या लहान संचाची तबकडी सु. ३० सेंमी. लांब व २६ सेंमी. रुंद असून वजन एक किग्रॅ.हून थोडे अधिक आहे. ‘वनवेब’ या दुसऱ्या समूहाचे उपग्रह सु. १,२०० किमी. उंचीवर फिरतात. त्यांपैकी ७२ उपग्रह ऑक्टोबर २०२२ व मार्च २०२३ मध्ये भारतीय अवकाश संशोधन संस्थेच्या प्रक्षेपकाने श्रीहरिकोट्याहून दोन खेपांत सोडण्यात आले. आर्वीच्या ३० मी. तबकडीशी तुलना करता ५३ वर्षांत आकाशकाची लांबी-रुंदी सु. शंभरपटीने घटली, असे दिसते.

डोंगराळ भागातील प्रत्यक्ष वापर : कोणता उपग्रह सोयीचा, हे भूरूपावर अवलंबून असते. ७४° पू. हे रेखावृत्त अक्कलकुव्याच्या परिसरातून जाते आणि भारताचा ‘जीसॅट–११’ हा २०१८ मध्ये सोडलेला उपग्रह याच रेखांशावर भूस्थिर आहे. त्यामुळे सातपुड्यातून तो जवळजवळ नेमका दक्षिणेस व क्षितिजापासून सु. ६५° उंच दिसेल. एवढ्या उंचीमुळे बऱ्यापैकी अरुंद दरीच्या तळालाही तो झाकला जात नाही आणि एकदा रोखलेली तबकडी हलवावी लागत नाही. निम्नकक्षीय संचाला मात्र सर्व बाजूंचे विस्तृत आकाश लागते. दरीचे कडे किंवा पावसाळ्यात पानांनी गच्च झालेले सागाचे रान मध्ये आल्यास जोडणी वारंवार तुटते. त्यामुळे तो धारेवर, माळावर किंवा शाळेच्या छपरावर अधिक उपयोगी पडतो. मुसळधार पावसाने दोन्ही प्रकारांत संदेश क्षीण होतो.

विजेची गरज हा दुसरा मुद्दा होय. लहान निम्नकक्षीय संचाला साधारणपणे २५ ते ४० वॉट शक्ती लागते. १२ व्होल्ट व ४० अँपिअर-तास क्षमतेची घटमाला पूर्ण भारित असल्यास सिद्धांततः ४८० वॉट-तास ऊर्जा देते, म्हणजे संच सु. बारा तास चालू शकतो. प्रत्यक्षात घटमाला पूर्णपणे रिती करणे इष्ट नसल्याने हा काळ कमी धरावा लागतो. ढगाळ आषाढ-श्रावणात केवळ सौर पट्टीवर विसंबून राहता येत नाही. एका संचावरून जवळपासच्या अनेक भ्रमणध्वनींना जोडणी देता येते. यामुळे व्यक्तिगत मालकीपेक्षा पाड्यासाठी सामायिक संच अधिक किफायतशीर ठरतो. ‘साइट’ प्रयोगातील सामुदायिक दूरचित्रवाणी संचामागेही हाच विचार होता.

रानातील मुक्काम हा या प्रदेशात केवळ पर्यटकांचा विषय नाही. अक्राणी तालुक्यातील सु. १,३०० मी. उंचीच्या अस्तंबा शिखरावर दिवाळीत अश्वत्थाम्याची यात्रा भरते. महाराष्ट्र, गुजरात व मध्य प्रदेश यांतील हजारो भाविक रात्रीच्या वेळी डोंगरवाटांनी चढतात व वाटेत उघड्यावर विसावतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये या यात्रेहून परतणाऱ्यांचे वाहन चांदसैली घाटात दरीत कोसळून अनेक भाविक मृत्युमुखी पडले. घाटात अपघात होणे एखाद्या संचाने टळत नाही. तथापि जखमी माणूस व रुग्णवाहिका यांमधील वेळेचा बराच भाग निरोप पोहोचविण्यात जातो आणि तो कमी करणे या साधनाच्या आवाक्यातले आहे. यात्रेच्या दिवसांत वाटेवरील मदतचौक्यांत असे संच ठेवणे हा त्यांचा अत्यंत साधा व सार्थ उपयोग ठरेल.

महाराष्ट्र शासनाची योजना : ५ नोव्हेंबर २०२५ रोजी महाराष्ट्र शासनाने ‘स्टारलिंक’शी इरादापत्रावर स्वाक्षरी केली. भारतातील राज्यशासनाने या कंपनीशी केलेला हा पहिलाच करार होय. गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव व वाशिम यांसारख्या जिल्ह्यांतील शासकीय संस्था, ग्रामीण वस्त्या व महत्त्वाच्या सार्वजनिक सुविधा उपग्रहाद्वारे जोडणे हा त्याचा हेतू असून तो केंद्रीय अनुमतींच्या अधीन ठेवण्यात आला. त्यापूर्वी जून २०२५ मध्ये कंपनीला केंद्रीय दूरसंचार विभागाची अनुज्ञप्ती व जुलै २०२५ मध्ये ‘इन-स्पेस’ या संस्थेची मान्यता मिळाली होती. २०२५ च्या अखेरपर्यंत सर्वसामान्य ग्राहकांसाठी तिची सेवा भारतात सुरू झालेली नव्हती. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने मे २०२५ मध्ये केलेल्या शिफारशींत उपग्रह सेवांवर उत्पन्नाच्या ४% आकार आणि शहरी ग्राहकामागे वर्षाला ५०० रुपये जादा आकार सुचविला होता. ग्रामीण ग्राहकांना या जादा आकारातून वगळण्यात आले होते. सेवा शहरांकडे न झुकता दुर्गम भागांकडे वळावी, हा त्यामागील उद्देश होता.

नंदुरबार जिल्ह्याच्या दृष्टीने या योजनेला एक विशेष अर्थ आहे. देशातील पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी याच जिल्ह्याच्या शहादा तालुक्यातील टेंभली येथे देण्यात आले. पुढील वर्षांत शिधावाटप, निवृत्तिवेतन, शिष्यवृत्ती, मजुरी इत्यादींसाठी आधारची पडताळणी अधिकाधिक प्रमाणात लागू झाली. ही पडताळणी सामान्यतः आंतरजालावर अवलंबून असते. मैदानी गावात ती काही क्षणांत होते. दरीतील पाड्यात मात्र त्यासाठी संदेश मिळेल अशा धारेपर्यंत चढून जावे लागते किंवा तालुक्याच्या गावी खेप घालावी लागते. ओळखपत्र प्रथम मिळाले, पण ते ओळखणारी तार आली नाही, अशी ही स्थिती होय. आंतरजाल ही येथे चैनीची वस्तू नसून हक्काचे धान्य व वेतन मिळण्याची पूर्वअट बनली आहे.

मूल्यमापन : उपग्रहाने भूगोलाची अडचण बऱ्याच अंशी दूर केली. नरडाण्याच्या औद्योगिक वसाहतीवर आणि धडगावच्या दऱ्यांवर उपग्रहाचा झोत सारखाच पडतो व रस्ता आणि लोहमार्ग यांचे जुने बंधन त्याला नाही. तथापि किंमत, वीज, दुरुस्ती व अनुमती या चार गोष्टी अजूनही मैदानाला अनुकूल व डोंगराला प्रतिकूल आहेत. परदेशातील एका खाजगी कंपनीच्या जाळ्यावर शिधा व आरोग्य यांसारख्या सेवा विसंबून ठेवणे कितपत हितावह आहे, हाही विचारार्ह प्रश्न आहे. ‘इरिडियम’च्या दिवाळखोरीचा अनुभव ताजा नसला तरी तो विसरण्याजोगा नाही. म्हणून स्वदेशी भूस्थिर उपग्रह, निम्नकक्षीय समूह आणि जेथे शक्य तेथे प्रकाशीय तंतू यांचा मेळ घालणे अधिक सुरक्षित होय.

‘साइट’ प्रयोगाच्या काळी आकाशातून आलेला शब्द गावाने ऐकावा एवढीच अपेक्षा होती. आजच्या संचामुळे पाड्यावरील शिक्षक, परिचारिका किंवा यात्रेकरू त्याच आकाशमार्गाने स्वतःचा शब्द परत पाठवू शकतो. हा बदल आकाशकाच्या घटलेल्या आकारापेक्षा महत्त्वाचा आहे. योजनेचे यश किती संच वाटले यावरून ठरविता येणार नाही. दरीतील माणसाला शिध्यासाठी, औषधासाठी वा मदतीसाठी डोंगर चढून जाण्याच्या किती खेपा वाचल्या, हेच त्याचे खरे मोजमाप होय.